बिबट्यावरचा एमएस्सी प्रकल्प: परवानगीच्या अर्जापासून अहवालापर्यंत, कशानंतर काय करायचं

दर एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर वन्यजीवांवरच्या प्रकल्पांचा गठ्ठा येतो. मुलं मेहनती असतात, उन्हातान्हात फिरलेली असतात, फोटोही उत्तम असतात. तरी दहातले सहा-सात अहवाल एकाच जागी अडकतात. आधी शिवारात जाऊन जमेल ते गोळा केलं, मार्चमध्ये ‘आता यातून काय निघतं बघू’ म्हणून बसले, आणि कार्यपद्धतीचं प्रकरण सगळ्यात शेवटी लिहिलं. क्रम उलटा झाला की चार महिन्यांच्या पायपिटीतून हाती काही लागत नाही.

म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. उदाहरण घेतलंय जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्याचं, कारण आमच्याकडची निम्मी मुलं तोच विषय घेतात. तरस, लांडगा किंवा काळविटावर काम असलं तरी पायऱ्या याच.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा (जुलै)

‘जुन्नर परिसरातील मानव-बिबट्या संघर्षाचा अभ्यास’ हे शीर्षक झालं. प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: ‘रात्री बंदिस्त गोठ्यात जनावरं ठेवणाऱ्या आणि उघड्यावर बांधणाऱ्या घरांमध्ये, गेल्या बारा महिन्यांत बिबट्याने जनावर मारल्याचं प्रमाण वेगळं आहे का?’ यात कुणाची कुणाशी तुलना, कोणत्या काळातली आणि नेमकं काय मोजायचं, हे तिन्ही आलं.

प्रश्न लिहून झाला की तपासून बघा. उत्तर ‘नाही’ आलं तर प्रकल्प उभा राहतो का? राहत असेल तर प्रश्न चांगला आहे. उत्तर ‘हो’च यायला हवं असं मनात असेल, तर तुम्ही अभ्यास करायला नाही, पुरावे गोळा करायला निघालाय.

काय घेऊ नये: ‘आमच्या तालुक्यात बिबटे किती?’ हा प्रश्न सगळ्यांना हवासा वाटतो आणि चार महिन्यांत तो कुणालाच झेपत नाही. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि डाव्या-उजव्या कुशीचीही एकसारखी नसते. त्यामुळे एकेका जागी समोरासमोर दोन कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लागतात. देशभरच्या व्याघ्रगणनेत दर २ चौरस किलोमीटरच्या चौकटीत अशी एक जोडी लावतात. विभागाकडे सहा कॅमेरे असतील, तर तुमच्या हातात तीन जागा आल्या. तीन जागांवरून तालुका मोजता येत नाही.

यावर मुलांनी काढलेली पळवाटही सांगतो. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे असा अंदाज निघाला होता. तो आकडा उचलायचा, आपल्या तालुक्याच्या क्षेत्रफळाने गुणायचा आणि ‘संख्या’ म्हणून छापायचा! तो आकडा त्या जागेचा आणि त्या काळाचा आहे. तुमच्या तालुक्यात ऊस किती, ओढे किती, मोकाट कुत्री किती, यातलं काहीच त्या गुणाकारात येत नाही.

२. परवानग्या (ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात)

आधी जागा कोणाची ते ठरवा. अर्ज त्यावरून ठरतो.

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्पाचं गाभाक्षेत्र असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आपल्या राज्यात हे कार्यालय नागपूरला आहे. कलम अभयारण्याच्या प्रकरणात असलं तरी कलम ३५ मुळे ते राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतं. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने जातो आणि वाटेत खालच्या कार्यालयांचे अभिप्राय घेत फिरतो. यात महिने जातात. चौथ्या सत्राचं काम डिसेंबरमध्ये सुरू करायचं आणि अर्ज नोव्हेंबरमध्ये टाकायचा, असं केलंत तर परवानगी निरोप समारंभाला मिळेल.

संरक्षित क्षेत्राबाहेरची वनजमीन असेल तर त्या वन विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करा. खासगी शिवारात जमीनमालकाची परवानगी लागते, आणि ग्रामपंचायतीला पत्र द्यावंच. लोकांच्या मुलाखती घेणार असाल तर महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता पहिल्या मुलाखतीआधी हातात हवी. मागाहून घेतलेल्या मान्यतेला अर्थ नाही.

प्राण्याला हात लावायचा असेल, पकडायचं, मोजायचं, रक्त घ्यायचं, तर प्रकरण वेगळं आहे. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणंही येतं. त्यासाठी कलम १२ ची परवानगी लागते, आणि प्राणी अनुसूची १ मधला (कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीतला) असेल तर केंद्र सरकारची पूर्वमान्यता. बिबट्या अनुसूची १ मध्ये आहे. एमएस्सीच्या प्रकल्पात या वाटेला जाऊ नका.

आणखी एक. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहावरून चारवर आल्या आणि बऱ्याच प्रजातींची जागा बदलली. विभागाच्या कपाटातल्या २०१५ च्या प्रबंधातून तक्ता उतरवून काढलात तर तो चुकणारच.

अर्जात सगळ्यांची नावं घाला: तुमचं, मार्गदर्शकांचं, सोबत येणाऱ्या मित्राचं, गाडी चालवणाऱ्याचं. गाडीचा नंबरही द्या. आमच्या एका विद्यार्थ्याकडे परवानगी होती, पण सोबतच्या दोघांची नावं त्यात नव्हती. अख्खा दिवस नाक्यावर गेला, आणि दोष नाक्यावरच्या गार्डचा नव्हता.

इथे थांबा: पत्र हातात आल्याशिवाय कॅमेरा बांधायचा नाही, विष्ठा उचलायची नाही. ‘साहेबांनी फोनवर हो म्हटलंय’ याला परवानगी म्हणत नाहीत. ड्रोन आणि रात्रीची फेरी अर्जात नसेल तर करायचीच नाही.

३. घरं निवडणं (सप्टेंबर)

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेहमीची पद्धत अशी असते. विद्यार्थी वनरक्षकाला भेटतो. वनरक्षक ज्यांचं जनावर गेलं त्यांची यादी देतो. विद्यार्थी त्या चाळीस घरी जाऊन येतो. मग अहवालात वाक्य येतं: ‘९० टक्के बाधित कुटुंबांचे गोठे उघडे आहेत, म्हणून उघडे गोठे हे हल्ल्याचे प्रमुख कारण आहे.’

हे वाक्य चुकीचं का? कारण ज्यांचं काहीच गेलं नाही, त्यांच्या गोठ्यांचं काय, हे कुणी पाहिलंच नाही. गावातले ९० टक्के गोठे मुळातच उघडे असतील, तर बाधितांमध्येही तेवढेच निघणार. तुलना करायची तर दोन्ही बाजू हव्यात.

असं करा:

- वन विभागाच्या नकाशावरून किंवा क्यूजीआयएस (QGIS) या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अभ्यासक्षेत्र आखा आणि त्यातल्या सगळ्या गावांची यादी काढा. ओळखीची किंवा एसटी जाते तीच गावं निवडू नका. चिठ्ठ्या टाकून निवडा, लाज वाटायचं कारण नाही.
- निवडलेल्या गावात जनावरं असलेल्या घरांची यादी ग्रामपंचायत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याकडून मिळते का पाहा. नसेल तर वस्तीच्या एका टोकापासून निघून दर पाचवं घर घ्या.
- गावठाण आणि मळ्यातल्या वस्त्या वेगळ्या नोंदवा. उसाला खेटून असलेलं एकटं घर आणि गावठाणातली आळी एका रकान्यात कोंबू नका.
- धनगरांचे वाडे आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्या ग्रामपंचायतीच्या यादीत सापडत नाहीत. त्यांची जनावरं उघड्यावर असतात आणि ते स्वतःही. त्यांना वगळणार असाल तर वगळल्याचं स्पष्ट लिहा.

वन विभागाच्या भरपाईच्या नोंदी जरूर मागा, पण त्या म्हणजे सगळ्या घटना असं धरू नका. पंचनामा होतो तो वेळेत कळवलं आणि जनावर जागेवरून हलवलं नाही तर. ज्याची एकच शेळी गेली आणि रोजंदारी बुडवून फेऱ्या मारणं परवडत नाही, तो कळवतच नाही. कुत्र्याची तर भरपाईच मिळत नाही, त्यामुळे त्याची नोंदही होत नाही. आणि अकोले तालुक्याच्या त्याच पट्ट्यात विष्ठेच्या अभ्यासातून बिबट्याचं मुख्य भक्ष्य निघालं ते कुत्रं! सरकारी नोंदीवरून आहार काढायला गेलात तर सगळ्यात मोठा घास पानावर दिसणारच नाही.

४. नोंदपत्रक आणि रंगीत तालीम (ऑक्टोबर)

नोंदपत्रक मराठीत करा, आणि तेही गावच्या मराठीत. आमच्याकडे पहिल्याच वर्षी फसगत झाली. पत्रकात विचारलं होतं, ‘आपल्या परिसरात वाघ आहे का?’ आणि सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. या भागात बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात. कोल्हा आणि खोकड यांनाही बरेच जण एकाच नावाने हाक मारतात. त्यामुळे नाव विचारू नका, चित्र दाखवा. बिबट्या, तरस, लांडगा, कोल्हा, खोकड, रानमांजर, उदमांजर अशी सात कार्डं पुठ्ठ्यावर डकवून न्या. मध्ये एखादं असं कार्ड घाला की जो प्राणी तिथे असूच शकत नाही. त्यालाही कुणी ‘परवाच पाहिला’ म्हणालं, तर बाकीची उत्तरं जपून धरा.

तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, सण राहतात. ‘गेल्या बारा महिन्यांत’ असं विचारण्याऐवजी ‘गेल्या दिवाळीपासून’ विचारा. पुढे ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’, ‘ऊस उभा होता की तुटला होता?’ असं खोदत जा.

प्रश्नात उत्तर पेरू नका. ‘बिबट्यामुळे तुम्हाला रात्री भीती वाटते ना?’ याला कोण नाही म्हणेल? त्याऐवजी विचारा, ‘रात्री पाणी धरायला जाताना काय काय काळजी घेता?’ शेतीची वीज रात्रीच्या पाळीला असली की माणूस दोन वाजता एकटा बांधावर असतो. त्याचं बोलणं मोकळं सुटलं की तुम्ही न विचारलेलंही कळतं.

अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत घ्या आणि सगळ्यांच्या मोबाइलवर एकच पद्धत लावा. तपासणी: जुन्नर परिसरात अक्षांश १९ च्या आणि रेखांश ७३-७४ च्या आसपास यायला हवा. पत्रकात उलटं दिसलं तर रकाने अदलाबदल झालेत, आणि नकाशावर तुमचा गोठा भलतीकडेच जाऊन बसेल.

मग निवडलेल्या गावांच्या बाहेरच्या एखाद्या गावात दहा घरं करून पाहा. एका मुलाखतीला पाऊण तास लागत असेल तर पत्रक निम्मं करा. संध्याकाळी धारेच्या वेळी कुणालाही पाऊण तास नसतो. तालमीतली दहा घरं अंतिम आकडेवारीत घ्यायची नाहीत.

५. शिवारात (नोव्हेंबर ते फेब्रुवारी)

हाच गळिताचा हंगाम. म्हणजे तुमचं काम चालू असतानाच अधिवास तुटून कारखान्याला जात असतो. नोव्हेंबरात दाट असलेली जागा जानेवारीत मोकळं रान होते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत शेजारच्या उसाची अवस्था लिहा: उभा, तोड चालू, तुटलेला, खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला). हा एक रकाना नसल्याने दोन चांगले प्रकल्प वाया गेलेले मी पाहिलेत.

*खुणांची फेरी.* ओढे, चाऱ्या (पाण्याचे पाट), कच्चे रस्ते यांचे ५००-५०० मीटरचे तुकडे पाडा आणि सकाळी लवकर, ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत चाला. काही सापडलं नाही तर ‘शून्य’ लिहा. रिकामी ओळ आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठशात नखं उमटलेली असतील तर बहुधा कुत्रं किंवा तरस, कारण बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. फोटोत पट्टी ठेवा आणि मोबाइल ठशाच्या बरोबर वर धरा. तिरका फोटो मोजायला निरुपयोगी.

*विष्ठा.* उघड्या हाताने उचलायची नाही. हातमोजे घाला, आधी पट्टीसह फोटो घ्या, मग नमुना कागदी पाकिटात टाका. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवणार असाल तर बाटलीच्या आत आणि बाहेर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तीस निळसर बाटल्या समोर घेऊन बसायची वेळ येते. डीएनए तपासणी करणार नसाल तर ‘बिबट्याची’ असं ठामपणे लिहू नका. ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘सांगता येत नाही’ असे तीन वर्ग ठेवा.

*कॅमेरा ट्रॅप.* साधारण गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला थोडा तिरका, आणि तोंड शक्यतो उत्तर किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवला तर सूर्य थेट समोर येतो. तारीख-वेळ तपासा. बॅटरी काढली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळपदावर जातं. मग स्वतः समोरून रांगत जा आणि फोटो येतो का पाहा. उसाच्या बांधावर बांधणार असाल तर समोरची पाचटं आणि वाकलेली पानं आधी काढा. एकदा आम्ही ते विसरलो आणि चार दिवसांत कार्ड भरलं. वाऱ्यावर हलणाऱ्या एकाच पानाचे हजारो फोटो, आणि पाचव्या दिवशी त्याच बांधावर ताजे ठसे!

कॅमेऱ्यात माणसंही येतात. शेतात कोण कुणासोबत आणि कधी गेलं, हे तुमच्या कार्डावर असतं. असे फोटो पाहिले की पुसायचे, कुणाला दाखवायचे नाहीत. मळेवाल्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कॅमेरा जागेवर राहणार नाही.

सावधान: उभ्या उसात शिरायचं नाही, एकट्याने तर कधीच नाही. ऊसतोडीत बछडे सापडले तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी जमवू नका. आई बहुतेक वेळा जवळपासच असते आणि अंधार पडल्यावर परत येते. वन विभागाला १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा आणि बाजूला व्हा. तो प्रसंग तुमच्या प्रकल्पाचा भाग नाही.

६. त्याच संध्याकाळी

नोंदी त्याच दिवशी संगणकात भरा. ‘रविवारी बसून सगळं भरू’ म्हटलं की चौथ्या घरातल्या शेळ्या सात होत्या की नऊ, हे कुणालाच आठवत नाही. मूळ कागद फेकू नका. फाइल तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत मार्गदर्शकांकडे.

बिबट्याचा फोटो जागेसह व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. जागा लिहिली नसली तरी मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये ती असू शकते, आणि मागे दिसणारी पाण्याची टाकी तर अख्खा तालुका ओळखतो.

७. आकडेमोड (मार्च)

इथे फार वेळ जाऊ नये. आधीच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर जातही नाही. तीनच गोष्टी सांभाळा.

एकाच कॅमेऱ्यासमोर एकाच प्रजातीचे अर्ध्या तासाच्या आतले फोटो एक घटना म्हणून मोजा. नाहीतर कॅमेऱ्यासमोर बसून राहिलेलं एक मांजर चाळीस मांजरं होतं.

श्रम मोजा. ८ कॅमेरे २० रात्री म्हणजे १६० कॅमेरा-रात्री. त्यातले दोन प्रत्येकी ५ रात्री बंद पडले असतील तर उरल्या १५०. बिबट्याच्या घटना ९ असतील तर दर १०० कॅमेरा-रात्रींना ६. हा वावराचा निर्देशांक झाला. याला संख्या म्हणायचं नाही.

टक्के जपून काढा. सात घरांपैकी दोन म्हणजे ‘सातपैकी दोन’. ‘२८.५७ टक्के’ लिहिल्याने घरं वाढत नाहीत. दोन गटांची तुलना काय-वर्ग (chi-square) चाचणीने करा, आणि एखाद्या चौकटीत अपेक्षित आकडा पाचाच्या खाली जात असेल तर फिशरची चाचणी वापरा. कोणती चाचणी लावायची हे जुलैतल्या प्रश्नाशेजारीच लिहिलेलं असावं. सगळ्या चाचण्या लावून जी ‘लागेल’ ती ठेवणं ही लबाडी आहे, मग ती अजाणता का होईना.

८. अहवाल आणि परतफेड (एप्रिल)

कार्यपद्धतीचं प्रकरण ऑक्टोबरातच लिहून ठेवलेलं असेल. आता त्यात फक्त काय बदललं ते घाला: कोणतं गाव गळलं, किती घरांनी नकार दिला, कोणता कॅमेरा चोरीला गेला. हे लपवू नका, परीक्षक नेमकं तेच शोधतो.

लोकांची नावं आणि घरांचे अक्षांश-रेखांश परिशिष्टात छापायचे नाहीत. गुहा, बछड्यांच्या जागा, घरटी नकाशावर मोठ्या चौकटीतच दाखवा.

शिफारशींचं पान बहुतेकांचं सारखंच असतं: ‘जनजागृती करावी.’ मी ते वाक्य लाल पेनने खोडतो. तुमच्या आकड्यांतून निघतं तेवढंच लिहा. बंदिस्त गोठ्यातही जनावर गेल्याच्या घटना सापडल्या असतील, तर बिबट्या कुठून शिरला ते लिहा: छपराच्या फटीतून, कडी नसलेल्या दारातून, की जाळी जमिनीत पुरलेली नसल्याने खालून? गोठा बांधणाऱ्याला त्याचा उपयोग आहे.

अहवालाची एक प्रत उपवनसंरक्षक कार्यालयात पोचवा आणि पोच घ्या. परवानगीच्या पत्रात ही अट असतेच, आणि ती न पाळणाऱ्या विभागाच्या पुढच्या विद्यार्थ्याचा अर्ज लोंबकळतो. गावासाठी मोठ्या टायपात एक पानी मराठी सारांश करा आणि ग्रामसभेच्या दिवशी स्वतः जाऊन वाचून दाखवा. ज्या आजींनी सगळी कार्डं हातात घेऊन, उलटसुलट करून, अखेर तरसावर बोट ठेवलं होतं, त्या पहिल्या रांगेत बसलेल्या असतील आणि विचारतील, ‘मग माझी शेळी कुणी नेली?’ नोंदपत्रक सोबत ठेवा.